घेवड्याच्या बरणीतली भुंगेरी

मी एक भुंगेरी बोलतेय. भुंगेरी म्हटलं की तुमचं मन फुलांकडे जाईल, म्हणून आधीच सांगते, ती मी नव्हे. चवळीच्या डब्यात हात घातला की तांबूस, तिळाएवढं काहीतरी बोटावर चढतं आणि तुम्ही हात झटकता ना, ती मी. तळेगावजवळच्या इंदुरीत, नदीकडच्या अंगाला लीलाबाईंचं घर आहे. त्यांच्या स्वयंपाकघराच्या फळीवर माझा जन्म झाला. आता माझं फार काही उरलेलं नाही, आणि पुष्कळ गोष्टी मला कळलेल्याही नाहीत. कळल्या असत्या तर गप्प बसले असते. कळल्या नाहीत म्हणून बोलतेय.

माझ्या आईनं मला चवळीच्या दाण्यावर अंडं म्हणून चिकटवलं आणि ती गेली. मी तिला पाहिलं नाही. अंड्यातून मी बाहेर उजेडात आलेच नाही, कवच होतं तसंच ठेवून खालच्या खाली दाण्यात शिरले. आत अंधार आणि पीठ. मी तेव्हा अळी होते. नुसतं तोंड आणि पोट. खाल्लं की पोटात एक आंबूस रस सुटायचा आणि त्या घट्ट पिठाचे बारीक बारीक तुकडे करायचा. ते तुकडे अंगाला लागायचे आणि मी वाढायचे. मला वाटायचं, सगळ्यांचं असंच असतं. चावलं की उतरतं, उतरलं की पचतं. त्यात विचार करण्यासारखं काय आहे?

मग मला झोप आली. उठले तेव्हा पंख होते, पाय होते, आणि भूक नव्हती. हे पहिलं नवल. आम्ही मोठ्या झालो की खात नाही. लहानपणी दाण्यात जे पचवलं, त्यावरच पुढचं सगळं निभवायचं. दाण्याचं गोल झाकण डोक्यानं ढकललं आणि बाहेर आले.

बाहेर काचेची बरणी होती. तोंडाला पातळ फडकं, त्यावर रबर. आत चवळी आणि माझ्यासारखे कितीतरी. ही बरणी लीलाबाईंच्या मुलीची, राजेश्वरीची. ती पुण्याला शेतकीच्या कॉलेजात शिकते, शनिवारी घरी येते. तिला आमच्यावर काही प्रयोग करायचा होता, म्हणून तिनं आम्हाला मुद्दाम पाळलं होतं. लीलाबाईंना हे मुळीच मान्य नव्हतं. त्यांचा सगळा जन्म आम्हाला उन्हात घालण्यात, राखेत कोंडण्यात आणि डब्यात बिब्बे टाकण्यात गेलेला. शेजारची बाई आली की त्या फळीकडे बोट करून सांगायच्या, "लोकांच्या पोरी कीड मारायला शिकत्यात, आमची कीड पाळायला शिकती. पुढच्या साली उंदीर आणील."

घरात आणखी एक बाई होती. समीक्षा, लीलाबाईंची सून. तिचा नवरा संदेश उर्श्याच्या टोलनाक्यावर कामाला, पाळीप्रमाणे कधी दिवसा घरी, कधी रात्री. समीक्षाचं माहेर भुशीचं. तिची आई धरणाच्या वाटेवर भाजलेली कणसं विकते. समीक्षाला आठ महिन्यांचा मुलगा, अमृत. त्याचं उष्टावण नुकतंच झालं होतं. भुशीहून मामा आला, त्यानं चांदीच्या वाटीतून खीर चाटवली, आणि त्या दिवसापासून त्या घरात एकच विषय सुरू झाला. आज काय खाल्लं, किती खाल्लं, पोटात राहिलं का.

समीक्षा सारखी घाबरलेली असायची. अंगणवाडीत वजन केलं की तिला रात्रभर झोप नसे. आई फोनवर म्हणे नाचणी दे, सासू म्हणे मऊ भात दे, शेजारीण म्हणे डाळीचं पाणी दे. ती सगळ्यांना हो म्हणायची आणि मग अमृतला मांडीवर घेऊन फोनवर व्हिडिओतल्या बायकांचं ऐकत बसायची. मला तिची गंमत वाटे. पोराला तोंड आहे, पोट आहे, पोटात रस असेलच. मग एवढं काय?

मग एका शनिवारी राजेश्वरीनं आमच्या बरणीचं फडकं सोडलं. मऊ कुंचल्यानं आमच्यातल्या काही जणींना उचललं आणि शेजारच्या बरणीत सोडलं. त्यात मी होते.

त्या बरणीत घेवडा होता. पांढरा घेवडा, शहरात राजमा म्हणतात त्याच्याच भावकीतला. लीलाबाईंच्या परसातला. दाणे टपोरे, गुळगुळीत, चवळीच्या दुपटीहून मोठे. मला तर आनंदच झाला. पोट अंड्यांनी जड झालं होतं आणि समोर एवढाली घरं. आम्ही दाणा पायांनी चाचपतो. गोल आहे, कोरडा आहे, गुळगुळीत आहे, झालं. आत काय आहे ते आम्हाला कळायला वाट नाही, कारण आमचं खायचं वय गेलेलं असतं. जे आम्ही चाखणार नाही, ते पोरांसाठी निवडायचं. तुमच्यात असं असतं का?

माझ्याबरोबर आलेल्या एकीनं लगेच अंडी घालायला सुरुवात केली. मीही घालणारच होते. पण पाय टेकवीन त्या दाण्यावर आधीची अंडी होती. कुणीतरी आधी येऊन गेलं होतं. ती अंडी पांढरीफटक झालेली. आमच्यात अंडं पांढरं झालं की समजायचं, पोर दाण्यात शिरलं. म्हणजे शिरली होती. मग बाहेर का कुणी आलं नव्हतं? एकाही दाण्याला भोक नव्हतं. बरणीच्या तळाशी म्हाताऱ्या भुंगेऱ्या उताण्या पडल्या होत्या, त्या पोरांच्या आया असणार.

चवळीच्या बरणीत दाण्यावर उभं राहिलं की पायाखाली बारीक खरखर जाणवायची. आत कुणीतरी खात असायचं. इथं दाणा गप्प. मी एकावर उभी राहिले, दुसऱ्यावर राहिले, सगळे गप्प. मी गोंधळले. दाणा चांगला, अंडं चांगलं, पोर आत गेलं, आणि पुढं काय? मी अंडी धरून ठेवली. धरवत नव्हती, तरी धरली.

त्याच आठवड्यात खाली चुलीपाशी वेगळंच सुरू झालं. समीक्षानं साठवणीच्या मडक्यातला घेवडा भिजत घातला. सकाळी चुलीवर ठेवला, एक उकळी आली आणि तिनं वरचं पाणी वाटीत काढून घेतलं. लीलाबाई बाहेरून म्हणत होत्या, पहिलं पाणी केळीच्या बुडाला ओत, दुसरं घाल, आणि चांगला गाळ होऊस्तोवर शिजव. समीक्षा हो म्हणाली. पण फोनवरच्या बाईनं तिला सांगितलं होतं की सगळं सत्त्व पहिल्या पाण्यात असतं, फार शिजवलं की जळून जातं, आणि अडाणी लोक तेच ओतून देतात. तिनं त्या पाण्यात गुळाचा खडा विरघळवला आणि अमृतला पाजलं. वाटीभर पाजलं. त्याला गोड लागलं, त्यानं हात पुढं करून आणखी मागितलं. ती किती खूष झाली होती.

दुपारी पोरानं सगळं ओकून टाकलं. मग जुलाब सुरू झाले. संध्याकाळी त्याचे डोळे खोल गेले आणि तो रडेनासा झाला. न रडणारं पोर बघून लीलाबाईसुद्धा घाबरल्या. संदेश मोटरसायकल घेऊन आला, तो, समीक्षा आणि अमृत तळेगावला डॉक्टरांकडे गेले. तिथलं मला परत आल्यावरच्या बोलण्यातून कळलं. डॉक्टरांनी मीठ-साखरेची पुडी दिली. पाण्यात कालवून चमचा चमचा पाजा, अंगावरचं दूध चालूच ठेवा, बाकीचं तूर्त काही नको, लघवी थांबली तर लगेच घेऊन या, असं बजावलं. काय खायला दिलं होतं असं त्यांनी विचारलं, तेव्हा समीक्षा म्हणाली, घरचंच, भात आणि कढण. कढणात चूक असेल हे तिच्या मनातही आलं नाही. तिला ते सगळ्यात चांगलं वाटत होतं.

पुढचे दिवस ती माझ्या फळीखाली भिंतीला टेकून बसायची. अमृतला चमचा चमचा पाजायची, दर थोड्या वेळानं लंगोट ओला झाला का ते चाचपायची. ओला लागला की डोळे मिटायची. आणि पाजता पाजता तिची नजर वर बरण्यांकडे जायची.

एकदा ती उठली आणि काचेला नाक लावून बघू लागली. आधी चवळीच्या बरणीत बघितलं. तिथं नुसती गर्दी, लहानमोठे सगळे धावतायत. मग माझ्या बरणीत बघितलं. इथं तळाला मेलेल्या, वर आम्ही थोड्या जणी, आणि एकही नवं तोंड नाही.  तिच्या सासूबाईंचं एक म्हणणं होतं, कीड लागती ते धान्य बिनऔषधाचं, ते खुशाल खावं. समीक्षानं ते म्हणणं उलटं फिरवलं असावं.

"जे किड्याला सोसंना," ती अमृतला म्हणाली, "ते माझ्या बाळाला सोसंल व्हय?"

ती शनिवारची सकाळ होती. तिनं अमृतला झोळीत टाकलं, कोपऱ्यातलं मडकं ओढलं आणि राखेत ठेवलेला सगळा घेवडा सुपात ओतला. मग माझी बरणीही वरून घेतली, फडकं काढलं आणि तीही त्यातच उपडी केली. दाण्यांबरोबर मी धडपडत खाली आले. उजेड, राख, शेणानं सारवलेल्या सुपाचा वास. सूप घेऊन ती उकिरड्याकडे निघाली, तर दारातच लीलाबाई आडव्या आल्या.

"काय करती गं?"

"टाकते. इख हाय हे."

लीलाबाईंनी सुपाची दुसरी बाजू धरली. "माझ्या आईच्या हातचं बी हाय त्ये. तुझा नवरा त्याच्यावर वाढला. दिसतोय का कुटं मेलेला?"

"त्यांचं मला म्हाईत न्हाई. माझं पोर हातचं चाललं हुतं."

दोघी सूप ओढत होत्या आणि आम्ही त्यात इकडून तिकडे घरंगळत होतो. मला वाटलं, आपण कुणाच्या बाजूचे? एक बाई हे दाणे वाचवायला बघतेय, दुसरी ज्या दाण्यात आमची पोरं गडप होतात ते फेकायला निघालीय. त्या घरात मला वैरी मानणारी पहिली लीलाबाई. आणि समीक्षा माझ्याच मनातलं बोलत होती. पण उकिरड्यावर गेले असते तर कोंबड्यांनी मला टिपलंच असतं. काही उमगेना.

एवढ्यात राजेश्वरी आली. पाठीवर पिशवी तशीच. आधी तिला तिची रिकामी बरणी दिसली आणि तिचा चेहरा पडला, मग वहिनीचा चेहरा दिसला. तिनं दोघींना पायरीवर बसवलं. सूप मधे ठेवलं.

ती म्हणाली, यात कुणी औषध घातलेलं नाही. दाणाच तसा असतो. पोटात अन्न कापायला रस असतो, आपल्या पोटात आणि किड्याच्याही, कॉलेजात त्याला एन्झाइम म्हणतात. "वहिनी, तो रस म्हणजे विळा समज. आणि घेवड्याच्या कच्च्या दाण्यात चिकासारखं काहीतरी असतं. ते विळ्याच्या दात्यांत जाऊन बसतं. विळा हातात आहे, भात समोर उभं आहे, पण कापलंच जात नाही. अळी खाते, खाते आणि भरल्या पोटी उपाशी मरते."

भरल्या पोटी उपाशी. मी सुपाच्या काठावर थांबले. म्हणजे ती पोरं गडप झाली नव्हती. आत होती. खात होती.

"मग धार लावून आणा म्हणावं विळ्याला," लीलाबाई म्हणाल्या.

राजेश्वरी हसली. म्हणाली, तेच तर बघायचंय. चवळीतही असला चीक थोडा असतोच, पण या किड्यांनी चवळीपुरता विळा बदलून घेतलाय, त्याला तो चिकटत नाही. घेवड्यासाठी अजून जमलेलं नाही. कधी जमेल, जमेल का, हे कुणालाच ठाऊक नाही.

"आनि माणसाला कसा चालतो मग?" समीक्षानं विचारलं.

"आपल्याकडे चूल आहे ना. कच्चा असला तर आपल्यालाही सोसत नाही. नुसता रस अडतो असं नाही, त्यात दुसरंही एक असतं, त्यानं उलट्या होतात. पण भिजवून, ते पाणी टाकून, खळखळ शिजवला की सगळं मरतं. आई करते तसा. अर्धाकच्चा मात्र वाईट."

 सुपातला एक दाणा उचलून समीक्षानं बोटांत फिरवला, परत ठेवला. मग जमिनीकडे बघत सासूला म्हणाली, "आत्या, मी एका उकळीला काढलं हुतं पानी. तेच पाजलं त्याला. वाटीभर."

मला वाटलं, आता लीलाबाई बोलतील. त्यांच्याकडे बोलायला होतं आणि त्यांचा आवाजही तसा आहे. पण त्यांनी आधी हातांवरची राख झटकली. मग म्हणाल्या, "मीबी संदेशच्या बारीला कायकाय केलंय. ते ऐकलंस तर मला घरात ठिवायची न्हाईस." आणि मग, सवयीनं, "पण वतून दे म्हणलं हुतं, व्हय का न्हाई?"

"म्हणलं हुतं."

"त्या फोनमधल्या बाईला आता फोन लाव. म्हणावं, लंगोट धुवायला ये."

समीक्षाला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही. झोळीतून अमृत ओरडला. आठवडाभरात पहिल्यांदा त्याचा आवाज असा खणखणीत आला, आणि तिघी एकदम उठल्या.

सगळं निवळल्यावर राजेश्वरीनं दाणे निवडले. मडक्यातले मडक्यात गेले, बरणीतले बरणीत. आम्ही जिवंत राहिलेल्या मात्र दाण्यांत नव्हतो. मी समीक्षाच्या मनगटावर चढले होते, काचेच्या बांगडीखाली. आणखी दोघी तिच्या बाहीवर. तिनं आम्हाला अलगद तळहातावर घेतलं. राजेश्वरीनं घेवड्याची बरणी पुढं केली आणि म्हणाली, टाक यात.

समीक्षानं मूठ मिटली. घट्ट नाही, पोकळ.

"न्हाई टाकणार."

"अगं वहिनी, प्रयोग आहे माझा."

"तुला ठाऊक हाय ना, यांची पोरं त्यात काय हुत्यात ते?"

"म्हणून तर बघतेय. कीड आहे ती."

"मग दुसरी घे. आत्यांच्या चवळीत पायलीनं हायेत."

"माझ्या चवळीला नावं ठिवू नगं," लीलाबाई आतून म्हणाल्या.

राजेश्वरीनं बरणी मागं घेतली. ती रागावली होती का, मला सांगता येणार नाही. शेवटी तिनं ती फळीवर ठेवली आणि चवळीच्या बरणीचं फडकं काढलं. समीक्षानं आम्हाला त्यात सोडलं. राजेश्वरी म्हणाली, आता सगळं पहिल्यापासून करावं लागणार. दुपारी तिनं चवळीतूनच दुसऱ्या काही जणी उचलून घेवड्यात सोडल्या. त्यांना काय माहीत? त्या टपोऱ्या दाण्यांवर आनंदानं फिरत होत्या. मी काचेतून बघत होते. त्यांना सांगायचं कसं, आणि सांगून त्या करणार काय? समीक्षानंही ते पाहिलं. ती पाठ फिरवून अमृतला घेऊन बाहेर गेली. तिनं मला का वाचवलं आणि त्यांना का नाही, हे मी अजून विचारतेय. हातात होत्या त्यांनाच वाचवता येतं, एवढंच असेल का?

मी चवळीवर अंडी घातली. एका दाण्यावर एक, आतल्या पोराला पीठ पुरावं म्हणून. काही आता पांढरी झालीत. दाण्यावर उभी राहते, पण माझे पाय थकलेत, खाली खरखर आहे की नाही ते नीट जाणवत नाही. आज आहे असं वाटतं. काल नव्हतं.

आत्ता समीक्षा खाली बसलीय. अमृत आता बरा आहे, डॉक्टरांनी परत हळूहळू खायला द्या म्हणून सांगितलंय. लीलाबाईंनी आज घेवडा केलाय, पहिलं पाणी ओतून, दाणा बोटात धरला की विरघळेल इतका शिजवून. समीक्षानं आधी स्वतः खाऊन बघितला. दुपारपर्यंत थांबली. मग मुगाच्या भातात दाण्याचा एवढासा गर कालवला आणि अमृतच्या जिभेला लावला. तो मिटक्या मारतोय. ती त्याच्या तोंडाकडे बघत नाही, पोटाकडे बघतेय. पोटात काय चाललंय ते तिलाही दिसत नाही.

बाई, तुझं बरं आहे. उद्या सकाळी लंगोट बदलशील तेव्हा तुला कळेल. माझी पोरं झाकण ढकलून बाहेर येतील तेव्हा मी तळाशी उताणी पडलेली असेन. म्हणून एक मागणं मागते. लीलाबाई ही बरणी उन्हात ओतायला निघतील तेव्हा त्यांना थोडं थांबव. फार नको. आतल्यांचं जेवण होईपर्यंत.